देवाची क्षमा घ्या आणि शेजाऱ्याच्या दारात जा

पोशीर, कळंब, नेरळ, कर्जत आणि पलीकडे खालापूर-खोपोलीपर्यंतच्या ख्रिस्ती घरांसाठी हे चार शब्द आहेत. आपली घरं थोडी आणि लांब-लांब. कुणी रविवारी उपासनेला जायला सकाळची लोकल धरतं, तर कुणाची प्रार्थना ओटीवरच होते. फादर किंवा पाळक रोज भेटत नाहीत. मग मनात एखादी गोष्ट सलत राहते आणि विचारायचं कुणाला, ते कळत नाही.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही हे वाचावं. हातून चूक झाली नाही असं घर नसतं.

मला सांगायचं आहे ते एवढंच. देवाची क्षमा फुकट आहे आणि ती तुम्हालाही आहे. ती घ्या. मग घरात बसून राहू नका. ज्याचं नुकसान केलंत त्याच्या दारापर्यंत चालत जा.

क्षमा कुणाला मिळते?

"मी जे केलंय ते देव कसं माफ करेल?" असं अनेक जण मनात म्हणतात. दारूपायी घर बुडवलेला बाप म्हणतो. आईवडिलांशी भांडून निघून गेलेली मुलगी म्हणते. तुम्हीही म्हणत असाल, तर पंडिता रमाबाईंचं ऐका.

रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या. त्या भगिनींचं लंडनच्या फुलम भागात एक घर होतं. वाईट चालीच्या म्हणून लोकांनी टाकलेल्या बायका तिथे राहत, काम शिकत, नव्याने उभ्या राहत. रमाबाईंनी असं काम आधी कुठेच पाहिलं नव्हतं. त्यांनी एका भगिनीला विचारलं, तुम्ही या बायकांसाठी एवढं का करता? त्या भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. रमाबाईंनी हे पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे.

त्या अध्यायात एक शोमरोनी स्त्री आहे. तिला पाच नवरे झाले होते. आता ज्याच्याबरोबर राहत होती तो तिचा नवरा नव्हता. भर दुपारी ती विहिरीवर आली. येशूने तिच्याकडे पाणी मागितलं. तिचं सारं आयुष्य त्याला ठाऊक होतं आणि ते त्याने तिला सांगितलंही. पण तिला हाकललं नाही. तो तिच्याशी बोलत बसला. ती घागर तिथेच टाकून गावात गेली आणि लोकांना घेऊन आली.

त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळात अनाथ झालेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांनी दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिथेच कृपासदन नावाचं घर काढलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळू लागला. फुलममध्ये जे पाहिलं ते त्यांनी केडगावात करून दाखवलं.

रमाबाईंनी आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली आहे. बाप्तिस्म्याला काही वर्षं होऊन गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळायचा आहे. मग त्यांनी पुन्हा शोध सुरू केला. तेव्हा, तुमचं नाव चर्चच्या वहीत असेल आणि तरी मन कोरडं असेल, तर घाबरू नका. तिथूनच सुरुवात करा.

नुसतं रडून भागत नाही

आपल्याकडे भाताची शेती आहे. पावसात खाचराचा बांध फुटला तर "फुटला हो फुटला" म्हणून पाणी थांबत नाही. चिखलात उतरून बांध घालावा लागतो. पश्चात्तापाचं तसंच आहे.

यरीहो गावातला जक्कय आठवा. तो जकातदारांचा मुख्य होता. लोकांना नाडून श्रीमंत झाला होता. येशूला पाहायला तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला खाली बोलावलं आणि आज तुझ्याकडे उतरणार, असं सांगितलं. लोक कुरकुरले. पण येशू त्याच्या घरी गेला. मग जक्कय उभा राहिला. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला. ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो म्हणाला.

यातला क्रम ध्यानात ठेवा. आधी येशू त्याच्या घरी आला. पैसे परत करायची गोष्ट नंतर निघाली. जक्कयने क्षमा विकत घेतली नाही. पण क्षमा मिळाल्यावर दुसऱ्याचे पैसे त्याला घरात ठेववेनात.

जुन्या करारातला नियमही हेच सांगतो. लेवीय पुस्तकात म्हटलं आहे, की दुसऱ्याचं लुबाडलं असेल तर मुद्दल परत द्यावं, त्यावर पाचवा हिस्सा जास्त द्यावा आणि मग अर्पण घेऊन यावं. म्हणजे शंभर रुपये घेतले असतील तर एकशेवीस द्यायचे.

आता करायचं काय, ते एकेक पाहू.

पहिलं: नेमकं बोला

"देवा, आमच्या चुका पोटात घाल." ही प्रार्थना वाईट नाही, पण मोघम आहे. काय केलं, कुणाचं केलं, ते बोला.

दावीद राजाने आपल्या सैन्यातल्या उरीयाची बायको बथशेबा आणली आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर त्याचं पाप सांगितलं. दावीदाने सबब काढली नाही. बथशेबाकडे बोट दाखवलं नाही. मी पाप केलं, एवढंच म्हणाला. स्तोत्रसंहितेतलं 51वं स्तोत्र त्याच्या त्या वेळच्या पश्चात्तापाचं मानलं जातं. या आठवड्यात ते घरात मोठ्याने वाचा.

पाप म्हणजे फक्त दारू, चोरी आणि व्यभिचार नाही. कातकरी मजुराला चहा द्यायचा आणि त्याचा कप बाहेर वेगळा ठेवायचा, हेही पाप आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळं-ओवळं कडक पाळत होत्या. पुढे एक दिवस त्यांनी स्वतःशी विचार केला, की ही उच्च-नीच माणसांनी केली आहे, देवाने नाही. त्या दिवसापासून त्यांनी ते सोडलं. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सांगितलं आहे. त्यांचा बाप्तिस्मा नंतर, 1900 साली झाला. मन आधी बदललं होतं.

तुमच्या घरातला कपही तपासा.

दुसरं: एका विश्वासू माणसाला सांगा

कॅथलिक असाल तर प्रायश्चित्त संस्कार घ्या. गोव्याकडे त्याला कुमसार म्हणतात. गंभीर पाप असेल तर वर्षातून एकदा तरी ते सांगावं, असा चर्चचा नियम आहे. तुम्ही सांगितलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. ते त्यांच्यावर अत्यंत कडक बंधन आहे आणि ते मोडलं तर त्यांना चर्चबाहेर व्हावं लागतं. म्हणून लाजू नका. प्रार्थनेचे शब्द विसरला असाल तर तसं सांगा. "फादर, खूप वर्षं झाली, कसं करायचं आठवत नाही." ते तुम्हाला हाताला धरून नेतील.

प्रोटेस्टंट मंडळीत असाल तर प्रभुभोजनाच्या आधी स्वतःला तपासायची रीत आहेच. ती उरकून टाकू नका. ओझं जड असेल तर पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या व्यक्तीला भेटा.

माणूस पारखून निवडा. ज्याच्या तोंडून गावभर होतं त्याला सांगू नका. आणि भर सभेत साक्ष देताना दुसऱ्याचं नाव घेऊ नका. तुमचं पाप सांगायचा हक्क तुम्हाला आहे, दुसऱ्याचं सांगायचा नाही.

तिसरं: परत करा

इथेच पाय अडतात. पण याशिवाय पुढचं सगळं पोकळ आहे.

आपल्या भागात फार्महाऊस आली आणि जमिनीला भाव आला. त्याबरोबर भावाभावांत कोर्टकचेऱ्या आल्या. कुणी बांध सरकवला. कुणी बहिणीला "नुसती सही कर" म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि सातबारावरून तिचं नाव गेलं. ख्रिस्ती घरांना सर्वसाधारणपणे 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा आहे. बहिणीला फसवून तिचा वाटा घेतला असेल, तर तिला बोलवा. कागद तिच्यासमोर ठेवा. तिचं तिला द्या.

तुमच्याकडे मजूर असतील तर त्यांचा हिशेब काढा. वीटभट्टीवर कातकरी कुटुंबं हंगामाआधी उचल घेतात आणि हंगामभर ती फेडत राहतात. हिशेब मालकाच्या वहीत असतो. मजुराला वाचता येत नाही. तिथे वाढवलेला एकेक रुपया चोरीचा आहे. उचलीसाठी माणसाला बांधून ठेवणं 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे. देवाच्या दरबारात तर तो आधीपासूनच गुन्हा आहे. वही उघडा. जास्त कापलं असेल ते परत द्या.

एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्या, पण पहिला हप्ता या महिन्यात द्या. ज्याचं घेतलं तो माणूस वारला असेल तर त्याच्या मुलांना द्या. पत्ताच लागत नसेल तर तेवढी रक्कम गरजूला द्या आणि कुणाला सांगू नका.

चौथं: जाऊन माफी मागा

येशूने सांगितलं आहे, की वेदीपाशी अर्पण आणलं आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जावं. यापेक्षा सोपी सूचना नाही.

जाताना या गोष्टी पाळा.

एकटे जा. सोबत चार माणसं नेली तर समोरच्यावर दडपण येतं.

वेळ पाहून जा. त्यांच्या घरी लग्न, बारसं किंवा मयत असेल तेव्हा नको.

वाक्य लहान ठेवा. "मी तुमचं हे नुकसान केलं. माझं चुकलं. मला माफ करा. हे भरून देतो." त्यापुढे "पण" आणू नका. "पण तुम्हीही तेव्हा…" म्हणालात की माफी संपली आणि भांडण सुरू झालं.

लगेच उत्तर मागू नका. त्यांनी दार लावलं तरी शांतपणे परत या. त्यांना वेळ लागेल. तुमचं काम तुम्ही केलंत.

तुमच्या मारहाणीला किंवा धमक्यांना घाबरून कुणी लांब गेलं असेल, तर त्यांच्या दारात उभे राहू नका. ते त्यांना पुन्हा घाबरवणं होईल. त्यांच्या विश्वासातल्या व्यक्तीकडून निरोप द्या आणि त्यांना शांतपणे जगू द्या.

आणि घरातल्या मुलांचीही माफी मागा. रागाच्या भरात उगाच मारलं असेल तर मुलाला जवळ घ्या आणि "माझं चुकलं" म्हणा. असं केल्याने आईबापाचा मान कमी होत नाही. चूक कबूल कशी करायची, हे मूल घरातच शिकतं.

पाचवं: क्षमा मिळाल्यावर स्वतःला मारत बसू नका

येशूला पकडलं त्या वल्हांडणाच्या रात्री त्याच्या दोन शिष्यांनी त्याला दगा दिला. यहूदाने चांदीच्या तीस नाण्यांसाठी त्याला धरून दिलं. पेत्राने तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदाने तर पैसेही परत नेऊन टाकले. पण तो येशूकडे परत येऊ शकला नाही. त्याने आपला जीव दिला. पेत्र ढसाढसा रडला, पण बाकीच्या शिष्यांत राहिला. पुढे त्याच पेत्राला येशूने आपली मेंढरं सांभाळायला सांगितली.

म्हणून पस्तावा झाला की एकटे राहू नका. माणसांत या. कबूल केलेलं पाप रोज उकरून काढू नका. देवाने जे मिटवलं ते पुन्हा लिहिणं आपलं काम नाही.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येत असेल, तर तो श्रद्धेचा कमीपणा नाही. मनाचा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा फोन रात्रंदिवस चालू असतो आणि फुकट आहे. घरातल्या एकाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. प्रार्थनाही करा. दोन्ही करा.

सहावं: तुम्हीही सोडून द्या

प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज देवाकडे क्षमा मागतो, आणि त्याच दमात आम्हीही दुसऱ्यांना क्षमा केली आहे असं म्हणतो. ते म्हणताना एखादा चेहरा डोळ्यांसमोर येतो का? तो टाळू नका.

येशूने एका चाकराची गोष्ट सांगितली. त्याच्यावर धन्याचं दहा हजार तालंतांचं कर्ज होतं. सात जन्मांत फिटणार नाही एवढं. धन्याने ते सोडून दिलं. बाहेर येताच या चाकराने दुसऱ्या चाकराची मानगूट धरली. त्याचं देणं शंभर दिनार होतं, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. रक्कम लहान नव्हती. आपल्याला लागलेलं दुःखही लहान नसतं. पण आपल्याला जे सुटलं त्याच्यापुढे ते काहीच नाही.

हे खरंच जमतं का? इंदूरकडची एक गोष्ट सांगतो. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात त्या गरीब आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवण्याचं काम करत. 25 फेब्रुवारी 1995 रोजी समंदरसिंग नावाच्या माणसाने त्यांना प्रवासात भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही सिस्टर. त्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याला माफ केलं. 2006 साली तो सुटला. पुढे तो केरळला त्यांच्या घरी गेला आणि घरच्यांनी त्याला घरात घेतलं. 2017 साली चर्चने राणी मारियांना इंदूर इथे धन्य घोषित केलं.

यातली एक गोष्ट विसरू नका. क्षमा झाली, तरी समंदरसिंगने दहा वर्षांहून जास्त शिक्षा भोगली. क्षमा आणि कायदा एकमेकांच्या आड येत नाहीत.

आता काही ठिकाणी सावध राहा

क्षमेसाठी पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून दूर व्हा. एवढं दान द्या म्हणजे शाप सुटेल, असं सांगणारा येशूचा माणूस नाही. तुम्ही मनाने अर्पण द्या, पण भीतीपोटी देऊ नका. दागिना गहाण ठेवून तर नकोच.

आजारपण म्हणजे पापाची शिक्षा, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने सांगितलं, कुणाचंच नाही. प्रार्थना करा, पण बीपीची, साखरेची, फिटची गोळी बंद करू नका.

नवरा मारत असेल तर "क्षमा कर आणि सहन कर" असा सल्ला कुणी बाईला देऊ नये. मंडळीनेही देऊ नये. मनातून क्षमा करता येते आणि तरीही वेगळं राहता येतं. आधी जीव वाचवा. 181 हा महिलांसाठीचा फोन आहे आणि 112 वर पोलीस येतात. नवऱ्याला पश्चात्ताप झाला असेल तर तो दारू सोडून आणि हात आवरून दिसू दे. ते दिसायला महिने लागतात. तेवढे लागू देत.

लहान मुलावर कुणी अत्याचार केला असेल, मग तो नातेवाईक असो, शिक्षक असो की चर्चमधला कुणी, तर ते घरातल्या घरात "माफ" करून मिटवू नका. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. 1098 वर फोन करा. मुलाला सांगा की त्याचं काहीच चुकलेलं नाही. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करायचा अधिकार आपल्याला नाही.

आणि पश्चात्ताप स्वतःच्या पापाचा करा. शेजाऱ्याच्या देवाला आणि रीतीला नावं ठेवणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. ज्या गावात आपली घरं चार आणि त्यांची चारशे, तिथे तुमचं वागणं हीच तुमची साक्ष आहे. बांध सरळ केलात आणि मजुरी पुरी दिलीत, तर लोक विचारतील की हे कशामुळे झालं. तेव्हा सांगा.

कधी करायचं?

ईस्टरच्या आधी उपवासकाळ येतो. चाळीस दिवस त्यासाठीच आहेत. पण त्याची वाट पाहू नका.

वधस्तंभावर येशूच्या बाजूच्या चोराला अगदी शेवटच्या घटकेला क्षमा मिळाली. ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. खाटेवर पडलेल्या माणसालाही उशीर झालेला नाही. पण त्या चोराला कुणाच्या दारात जायला वेळ उरला नाही. चोरलेलं परत करायला हात मोकळे नव्हते. तुमचे पाय चालतात आणि हात मोकळे आहेत.

आज रात्रीच्या प्रार्थनेत एकच नाव घ्या. ज्याचं तुमच्याकडे काही राहिलं आहे, ते नाव. उद्या हिशेब काढा. येत्या रविवारच्या आत त्यांच्या घरी जाऊन या. मग उपासनेला या.